जुन्या बसला ‘बलून’ बसवून देणाऱ्यांपासून सावध राहा

वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, साकोली या पट्ट्यात ज्यांच्याकडे नाटक कंपनीची, वरातीची किंवा यात्रेची जुनी बस आहे, त्यांनी हे पूर्ण वाचावं. दिवाळीच्या आधी सगळे गाड्यांची कामं काढतात. नेमका त्याच दिवसांत एक गॅरेजवाला मालकांना गाठतो आणि पाट्याच्या (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) गाडीला एअर सस्पेन्शन करून देतो, म्हणजे पाट्यांच्या जागी हवेचे रबरी बलून बसवून देतो म्हणतो. आम्हाला त्यानं पैशाला तर बुडवलंच, पण गाडीत झोपलेल्या माणसांचे जीवही टांगणीला लावले.

आमच्या नाटक मंडळाची गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हल्सची बस. मागच्या सीट काढून बर्थ केलेले, खाली कपड्यांच्या पेट्या, मागे ऑर्गन, तबला आणि लाइट-साउंडचं सामान. हा बदल आरसीवर रीतसर चढवलेला आहे. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचा सीझन दिवाळीनंतर मंडईपासून (गावच्या जत्रेपासून) सुरू होतो. नाटक पहाटे संपतं, कलाकार गाडीतच आडवे होतात आणि गाडी पुढच्या गावाला लागते. कुरखेडा, कोरचीकडच्या रस्त्यांवर पाट्याच्या गाडीत मागच्या बर्थवर झोप लागणं शक्य नाही. रात्रभर रंगमंचावर उभं राहिलेल्या माणसाला सकाळी दोन तास तरी पाठ टेकता यावी, एवढ्यासाठी मंडळानं हा पैसा उभा केला होता.

बोलणं झालं एक लाख ऐंशी हजारांचं. “कंपनीची किट आहे भाऊ, नवीकोरी. पासिंगचं टेन्शन नका घेऊ, बाहेरून दिसतेच कुठं?” एक लाख वीस हजार आगाऊ घेतले, बाकीचे गाडी हातात देताना. चाचणी त्यानं रिकाम्या गाडीची दिली, तीही नागपूरकडच्या गुळगुळीत चौपदरी रस्त्यावर. त्या रस्त्यावर कुठलीही गाडी मऊच लागते. बिल मागितलं तर साध्या कागदावर ‘एअर किट, मजुरी’ एवढंच, जीएसटी नंबर नाही.

सामान आणि माणसं भरून गाडी निघाली आणि पहिल्याच वळणावर ती एका अंगावर इतकी कलली की वरच्या बर्थवरची पोरं ओरडली. पुढे सकाळी गाडी सुरू करताना मागची बाजू टेकलेली दिसायची आणि हवेचा काटा खाली. एका पहाटे आरमोरीकडून येताना उतारावर बझर वाजायला लागला. बसचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आणि तीच हवा उतरत होती. आमच्या ड्रायव्हरनं खालचा गिअर टाकून गाडी कडेला घेतली, म्हणून आज हे लिहितोय.

ब्रह्मपुरीच्या एका जुन्या मिस्त्रींनी गाडीखाली शिरून जे दाखवलं, ते नीट सांगतो.

आधी बलून. वरून काळेभोर, चकचकीत. मिस्त्रींनी रॉकेलच्या फडक्यानं पुसलं तर टायर पॉलिश निघालं आणि घडीच्या खाचेत बोट फिरवलं की बारीक बारीक चिरा. रबरावर बनावटीचा महिना-वर्ष सांगणारा आकडा साच्यातच उमटवलेला असतो. आमच्या दोन्ही बलूनवर ती जागा कानशीनं घासून सपाट केलेली होती. साबणाचं पाणी लावल्यावर डाव्या बलूनच्या कडेला फेस येत राहिला. भंगारात गेलेल्या कुठल्यातरी बसचे बलून ‘नवीकोरी किट’ म्हणून आमच्या गळ्यात मारले होते.

पण जुने बलून हा सगळ्यात लहान गुन्हा म्हणावा लागेल. पाटा फक्त वजन पेलत नाही. गाडी ओढताना आणि ब्रेक मारताना हौसिंगला (मागच्या अ‍ॅक्सलच्या कवचाला) पुढे-मागे सरकू न देणं, त्याला गिरकी घेऊ न देणं, बाजूला घसरू न देणं, ही सगळी कामं पाट्याकडेच असतात. बलून म्हणजे हवेची पिशवी, ती फक्त वरचं वजन उचलते. म्हणून जिथं बलून येतात तिथं हौसिंगला धरून ठेवणारे टॉर्क रॉड लागतात आणि आडव्या हालचालीसाठी आडवा किंवा व्ही रॉड लागतो. आमच्या गाडीत यातला एकही नव्हता. त्यानं मधले पाटे काढून घेतले (ते कुठं विकले देव जाणे), वरचे दोन ठेवले आणि त्यांच्यावर सगळा भार सोडला. कंपनीच्या काही गाड्यांत बलूनसोबत पाटा असतो, पण तो त्याच कामासाठी घडवलेला जाड पाटा असतो. आमचा मुख्य पाटा सेंटर बोल्टच्या (पाटे मधोमध धरून ठेवणाऱ्या बोल्टच्या) भोकापाशी तडकला होता. हौसिंग सरकल्यामुळे उजवा आतला टायर चेसिसला घासत होता आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) खुळखुळत होता.

वळणावर कलण्याचं कारणही तिथंच सापडलं. दोन्ही बलून एकाच नळीला टी मारून जोडलेले. वळणावर ज्या बाजूला भार येतो तिथली हवा दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी आणखी कलते. खरं तर लेव्हलिंग वॉल्व्ह लागतो. वजन वाढलं की तो हवा भरतो, कमी झालं की सोडतो आणि गाडीची उंची कायम ठेवतो. आम्हाला त्याऐवजी डॅशबोर्डवर एक काटा आणि एक कॉक दिला होता. शॉकअप जुनेच ठेवलेले. पाटे एकमेकांवर घासून गाडीचा झोका शमवतात, हवेच्या पिशवीत ते घर्षण नसतं, त्यामुळे बलूनच्या गाडीला त्या हिशोबाचे दमदार शॉकअप हवेतच.

आणि हवेची लाइन! ती सरळ ब्रेकच्या टाकीतून काढलेली, मध्ये प्रोटेक्शन वॉल्व्ह नाही. हा वॉल्व्ह असला की बलून फुटला तरी ब्रेकपुरती हवा टाकीत राखली जाते. नसला तर बलूनची गळती म्हणजे ब्रेकची गळती. एका वॉल्व्हचे पैसे वाचवण्यासाठी त्यानं हे केलं, आणि मागे बर्थवर बायका-पोरं झोपतात हे गाडी घेताना त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. चेसिसच्या खालच्या पट्टीवर वेल्डिंग करून ब्रॅकेट चिकटवले होते. सगळ्यात जास्त ताण येतो त्या जागी असं वेल्डिंग केलं की लोखंड तिथूनच तडकतं.

“पासिंगचं टेन्शन नाही” हेही धादांत खोटं. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार गाडीत असे बदल मनानं करता येत नाहीत, आरटीओची रीत पाळावी लागते. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे, आणि ही शिक्षा मालकाला होते. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच मुद्दा काढू शकते.

त्यामुळे बलून बसवायचेच असतील तर पैसे देण्याआधी गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेऊन स्वतःच्या ओळखीचा मिस्त्री खाली पाठवा. टॉर्क रॉड कुठं आहेत, लेव्हलिंग वॉल्व्ह कुठं आहे, प्रोटेक्शन वॉल्व्ह कुठं आहे, हे बोटानं दाखवायला लावा. चाचणी भरल्या गाडीची, आपल्या खराब रस्त्यावर. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी उंची मोजा. काढलेले पाटे ताब्यात घेतल्याशिवाय शेवटचा रुपया देऊ नका. खरं सांगायचं तर जुन्या गाडीला नवे पाटे, नवे बुश आणि चांगले शॉकअप यांनीच पुष्कळ आराम मिळतो. आम्ही शेवटी तेच केलं, कलाकार आता झोपतात.

त्याला फोन केला तर आधी “पाठवतो माणूस” आणि नंतर नंबर बंद. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली तक्रार दिली आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज टाकतोय. 2019 च्या ग्राहक कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात अर्ज करता येतो, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. धंद्यासाठीची गाडी, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, अशी समोरचा हरकत घेईल, तेव्हा गाडीवर आपलं पोट आहे, हा स्वतःच्या रोजगाराचा मामला आहे, हे अर्जात स्पष्ट लिहा. काही विचारायचं असेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लागतो.

ज्यांची कामं याच माणसानं केली आहेत त्यांनी यूपीआयच्या पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज आणि त्या घासलेल्या आकड्याचे जवळून काढलेले फोटो जपून ठेवावेत. “बदलून देतो” म्हणून तो जुने बलून मागायला येईल. ते त्याला देऊ नका, पुरावा तोच आहे.