नव्या सोबत्याबरोबरची पहिली लांब वाट : राजगड–तोरणा–रायगड की रतनगड–कात्राबाई–हरिश्चंद्रगड?

एकदिवसीय भटकंतीत ओळख झालेला किंवा कार्यालयात नव्याने रुजू झालेला एखादा मित्र “आता तीन-चार दिवसांची मोठी मोहीम करू या” असे म्हणतो, तेव्हा महाराष्ट्रात बहुधा दोन वाटांची नावे पुढे येतात. एक पुणे जिल्ह्यातील गुंजवण्यातून निघून राजगड, तोरणा करत घाटमाथा उतरून रायगडावर पोहोचते. दुसरी भंडारदऱ्याजवळच्या रतनवाडीतून रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत आणि पाचनई असा प्रवास करत हरिश्चंद्रगडावर संपते. दोन्ही वाटांना साधारण तीन दिवस लागतात आणि रमतगमत गेल्यास चौथाही लागतो. दोन्हींवर बऱ्यापैकी ओझे पाठीवर असते. एकट्याने किंवा जुन्या मित्रांबरोबर जाणाऱ्याने कोणतीही निवडावी. परंतु सोबती नवा असेल, तर या दोन वाटांत मोठा फरक पडतो आणि तो अंतराचा किंवा उंचीचा नाही. अवघड टप्पा प्रवासात केव्हा येतो आणि तो येण्यापूर्वी सोबत्याची खरी अवस्था आपल्याला कळलेली असते का, हा तो फरक आहे.

मी या दोन्ही वाटा वेगवेगळ्या वर्षी आणि वेगवेगळ्या, पण दोन्ही वेळा नवख्याच सोबत्याबरोबर चाललो आहे. पहिला सोबती म्हणजे दोन महिन्यांपूर्वी ओळख झालेला सहकारी. दुसरे आमच्या शेजारच्या इमारतीत राहायला आलेले, वयाने माझ्याहून आठ वर्षांनी मोठे असलेले गृहस्थ. पुढील विवेचन या दोन अनुभवांवर आणि त्यानंतर त्याच भागात केलेल्या फेऱ्यांवर आधारलेले आहे.

राजगड–तोरणा–रायगड या वाटेचे आकर्षण समजावून सांगण्याची गरज नाही. स्वराज्याच्या सुरुवातीच्या काळात घेतलेला तोरणा, पंचवीसहून अधिक वर्षे राजधानी राहिलेला राजगड आणि ६ जून १६७४ रोजी जिथे राज्याभिषेक झाला तो रायगड, हे तिन्ही गड एका सलग चालीत पायाखाली येतात. पहिल्या दिवशी गुंजवण्यातून राजगड चढून पद्मावती माचीवर पोहोचावे आणि सुवेळा माची व बालेकिल्ला पाहून घ्यावा. दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीवरील अळू दरवाजातून बाहेर पडून तोरण्याकडे जाणारी धार धरावी. ही धार म्हणजे या वाटेचा आत्मा आहे. दोन्ही बाजूंना खोल दऱ्या, समोर बुधला माचीचा सुळका आणि मागे वळून पाहिले की संजीवनीची दुहेरी तटबंदी, असे दृश्य चार-पाच तास डोळ्यांसमोरून हलत नाही. मात्र धारेवर सावली अगदी थोडी आणि पाणी जवळपास नाही. दोघांनी मिळून किमान सहा लिटर पाणी राजगडावरूनच भरून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण नव्या सोबत्याला आपल्या बाटलीतले पाणी मागण्याचा संकोच वाटतो आणि तो तहान दाबून चालत राहतो.

तोरण्यावर बुधला माचीकडून शिरताना कातळाचा एक टप्पा चढावा लागतो. तेथून मेंगाईच्या देवळापर्यंत पोहोचेपर्यंत दिवस कलतो. तिसऱ्या दिवशी पुन्हा बुधला माचीकडे येऊन पश्चिमेच्या सोंडेने खाली उतरावे आणि धनगरवाड्यांच्या आधाराने मोहरी हे गाव गाठावे. मोहरीजवळच्या रायलिंगीच्या पठारावरून समोर उभा राहणारा लिंगाण्याचा सुळका आणि त्याच्या मागचा रायगड ज्याने पाहिला, तो हे दृश्य विसरणार नाही. त्यानंतर उरते ती बोरट्याची नाळ, म्हणजे कड्यातून खाली उतरणारी अरुंद, उभी घळ. घाटमाथ्यावरून लिंगाण्याच्या कुशीतून कोकणातल्या पाने गावाकडे उतरणारी ही नाळ मोठमोठ्या दगडधोंड्यांनी भरलेली आहे. प्रत्येक धोंडा हलतो की नाही हे पाहून पाय टाकावा लागतो आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. सिंगापूरच्या नाळेने उतरणे त्या मानाने सोपे असले, तरी उतार तिथेही काही थोडा नाही.

माझा सहकारी या नाळेच्या मध्यावर येऊन बसला आणि तेव्हा कुठे त्याने सांगितले, की त्याचा उजवा गुडघा तोरण्याची सोंड उतरल्यापासून दुखत होता. वाटेत मी दोनदा विचारले होते. दोन्ही वेळा “काही नाही, ठीक आहे” असेच उत्तर मिळाले होते. जुना मित्र असता तर त्याने सकाळीच दहा वेळा कण्हून दाखवले असते आणि आम्ही मोहरीतून गाडी शोधून परत फिरलो असतो. नव्या माणसाला आपल्यामुळे दुसऱ्याचा बेत मोडू नये असे वाटते आणि ही त्याची सभ्यताच डोंगरात धोक्याची ठरते. त्या दिवशी त्याची सॅक माझ्या सॅकवर बांधून, दर वीस-पंचवीस पावलांवर थांबत आम्ही पान्यात उतरलो तेव्हा अंधार पडला होता. रायगड दुसऱ्या दिवशी पायऱ्यांनी न चढता रोपवेने पाहिला. मी केवळ त्याच्या शब्दांवर विसंबून राहिलो आणि त्याच्या चालीकडे पाहिले नाही, ही माझी चूक होती.

या वाटेबद्दल माझा जो आक्षेप आहे तो इथेच स्पष्ट होतो. राजगड–तोरणा–रायगडावर बाहेर पडण्याच्या जागा नाहीत असे नाही. धारेला मध्येच खिंडीत गाडीरस्ता छेदून जातो, तोरण्यावरून थेट पायथ्याच्या वेल्हे गावात उतरता येते आणि मोहरीपर्यंतही कच्च्या-पक्क्या रस्त्याने जीप येते. पण सर्वांत कठीण उतार या सगळ्या जागा मागे पडल्यावर, तिसऱ्या दिवशी, थकलेल्या पायांनी करावा लागतो. तोवर सोबत्याविषयी आपल्याला जे कळलेले असते, ते बहुतांशी त्याने जे सांगायचे ठरवले तेवढेच असते.

रतनगड–हरिश्चंद्रगडाची रचना उलटी आहे. रतनवाडीत शिलाहारकालीन मानले जाणारे अमृतेश्वराचे मंदिर आहे. तेथून प्रवरेचा ओढा ओलांडत दाट रानातून वाट चढू लागते आणि पहिल्याच दिवशी, पाय ताजे असताना, गणेश दरवाजाच्या खालच्या उभ्या लोखंडी शिड्या समोर येतात. ज्याला उंचीची भीती आहे, ज्याचे बूट कातळावर सरकतात किंवा ज्याने सॅकमध्ये अवाजवी ओझे भरले आहे, त्याचे सगळे काही या शिड्यांवर अर्ध्या तासात दिसून येते. काही बिनसलेच, तर दोन-अडीच तासांत पुन्हा रतनवाडीत उतरता येते. आमच्या गृहस्थांच्या बाबतीत हेच झाले. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्यांचे हात थरथरू लागले, ते खाली उतरले आणि “मला हे जमत नाही, तुम्ही नेढे पाहून या” असे स्पष्ट म्हणाले. (नेढे म्हणजे गडमाथ्यावरच्या कातळाला पडलेले आरपार भोक.) मीही वर गेलो नाही. शिड्यांखालच्या रानातूनच कात्राबाईकडे जाणारी वाट फुटते. तिथे बसून आम्ही पुढच्या दोन दिवसांत काय करायचे आणि काय टाळायचे याविषयी मनमोकळे बोललो. असे बोलणे पहिल्या दिवशी झाले, हे या वाटेचे मी मोठे श्रेय मानतो.

कात्राबाईच्या खिंडीचा टप्पा लांब आहे आणि उतरताना कंटाळवाणाही होतो, पण तो जिवावरचा नाही. खिंडीतून उतरले की कुमशेत लागते. राजूरकडून तिथपर्यंत गाडीरस्ता येतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी दुपारी, मोहिमेच्या नेमक्या मध्यावर, दोघांनाही कसलीही नामुष्की न वाटता परत फिरता येईल अशी जागा मिळते. कुमशेतहून मुळा नदीच्या खोऱ्यातून पाचनईला जावे. पाचनईलाही गाडी येते. तेथून हरिश्चंद्रगडावर चढणारी वाट सह्याद्रीतल्या सुखकर चढणींपैकी आहे. कड्याच्या पोटातून, पुढे झुकलेल्या कातळाखालून ती वळणे घेत जाते आणि दोन-अडीच तासांत हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाशी पोहोचवते. केदारेश्वराच्या गुहेतले गार पाणी, त्यात उभे असलेले शिवलिंग, चार खांबांपैकी शाबूत राहिलेला एकच खांब आणि संध्याकाळी कोकणकड्याचा अर्धवर्तुळाकार, आत वळलेला कातळ पाहिला, की मोहिमेचा शेवट चढत्या क्रमाने होतो. उतरायला तोलार खिंडीतून खिरेश्वर किंवा पुन्हा पाचनई असे दोन पर्याय आहेत. कोकणकड्याशेजारच्या उभ्या घळीतून जाणाऱ्या, अवघड अशा नळीच्या वाटेचे नाव सोबत्याने कितीही उत्साहाने काढले, तरी पहिल्या मोहिमेत तो विषय थांबवावा.

एका बाबतीत मात्र पहिली वाट सरस आहे आणि ते मान्य केले पाहिजे. दोघांची चाल सारखी नसेल, तर राजगड–तोरण्याच्या उघड्या धारेवर एक जण दोनशे पावले पुढे गेला तरी नजरेआड होत नाही. ज्याला जोरात चालायचे आहे तो चालतो, ज्याला थांबायचे आहे तो थांबतो आणि दोघांनाही एकमेकांचे ओझे वाटत नाही. कात्राबाईच्या रानात असे करता येत नाही. तिथे कारवीची झुडपे डोक्यापर्यंत वाढलेली असतात, ढोरवाटा जागोजागी फुटतात आणि दहा पावलांचे अंतर पडले की पुढचा माणूस दिसेनासा होतो. वेगाने चालण्याची सवय असलेल्याला तिथे आपली चाल आवरावी लागते आणि तीन दिवस दुसऱ्याच्या चालीने चालणे हे ज्याच्या स्वभावात नाही, त्याला ते फार जड जाते. याच कारणासाठी या वाटेवर रतनवाडी किंवा कुमशेतमधला वाटाड्या सोबत घ्यावा असे मी सुचवतो. वाट फुटते तिथे “डावीकडे की उजवीकडे” यावरून दोन अर्धवट ओळखीच्या माणसांत जो ताण निर्माण होतो, तो तिसऱ्या, जाणकार माणसामुळे निर्माणच होत नाही. त्याच्या घरची भाकरी-पिठले ही त्यावरची जोड आहे. राजगड–तोरण्याच्या धारेवर वाटाड्याची इतकी गरज पडत नाही. तोरणा ते मोहरी आणि पुढे नाळेपर्यंत मात्र तिथेही पडते.

पोहोचण्याच्या आणि परतण्याच्या सोयीत फारसा फरक नाही. पुणेकरांना गुंजवणे जवळ, तर मुंबईकर व नाशिककरांना घोटीमार्गे भंडारदरा जवळ. परतीला रायगडावरून महाड आणि खिरेश्वरावरून माळशेज घाटाचा रस्ता गाठला की एसटी मिळते. दोन्हींचा योग्य काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा. पावसाळ्यात बोरट्याच्या नाळेत दगड सुटतात आणि मुळेचे व रतनगडाखालचे ओढे ओलांडता येत नाहीत, म्हणून त्या काळात दोन्ही वाटा वर्ज्य समजाव्यात. हरिश्चंद्रगडाचा परिसर अभयारण्यात मोडतो आणि गडांवरील मुक्कामाचे नियम वेळोवेळी बदलतात. त्यामुळे निघण्यापूर्वी वनविभागाकडे आणि पायथ्याच्या गावात विचारून घ्यावे आणि मुक्काम गावातच करण्याची तयारी ठेवावी.

आता निवडीविषयी. सोबत्याबरोबर आपण यापूर्वी एकही रात्र डोंगरात काढलेली नसेल, तर माझे मत रतनगड–हरिश्चंद्रगडाच्या बाजूने आहे. सोबती आपल्यापेक्षा अनुभवी असेल, त्याने एखादी नाळ ओझ्यासह उतरलेली असेल आणि दोघांची चाल जुळत नाही एवढीच अडचण असेल, तर राजगड–तोरणा–रायगड घ्यावी. परंतु त्यातही तोरण्यावरच्या रात्री थांबून दोघांनी एकमेकांना गुडघे, पोटऱ्या, टाचा आणि झोप यांविषयी थेट प्रश्न विचारावेत, उत्तरे मिळाल्यावर दहा पावले चालून दाखवायला सांगावे आणि मनात जरा जरी शंका आली तरी सकाळी वेल्ह्यात उतरावे. रायगड हाच ज्यांचा ध्यास आहे आणि सोबतीही अगदी नवा आहे, त्यांच्यासाठी मधला मार्ग असा, की या वर्षी राजगड–तोरणा एवढेच दोन-तीन दिवसांत करून वेल्ह्यात थांबावे आणि उरलेली वाट त्याच सोबत्याबरोबर पुढच्या हिवाळ्यात पूर्ण करावी. माझ्या सहकाऱ्याबरोबर मी नाळेची वाट पुढे पुन्हा एकदा केली. तो दुसऱ्या वर्षी नाळेच्या तोंडाशी आपणहून म्हणाला, “अरे, डावा पाय जरा भरून आलाय, सावकाश जाऊ.” पहिल्या वर्षी तोरण्यापर्यंत आम्ही एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणत होतो.

ओझ्याच्या वाटणीविषयीही निघण्यापूर्वी ठरवून घ्यावे. स्टोव्ह, दोर, औषधांची पिशवी आणि सामाईक शिधा वजनकाट्यावर ठेवून दोघांत समान वाटावा. औषधांची पिशवी शक्यतो दोघांकडेही असावी आणि कोणाला कशाची ॲलर्जी आहे, कोणते औषध नियमित चालू आहे, घरी कोणत्या क्रमांकावर कळवायचे, हे कागदावर लिहून एकमेकांच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवावे. रतनवाडीच्या देवळाच्या पायरीवर बसून आम्ही हा कागद लिहिला, तेव्हा त्या गृहस्थांना रक्तदाबाची गोळी रोज सकाळी घ्यावी लागते आणि ती त्यांनी घरीच विसरली आहे, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आले. ती भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावच्या बाजारातून आणायला दीड तास गेला आणि मगच आम्ही चढायला लागलो.