उरलेल्या वाइनचं व्हिनेगर: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

आधी निकालच सांगते. उरलेल्या वाइनचे घरगुती उपयोग म्हणून जे काही सुचवलं जातं, त्यातलं बरंचसं मी दिवाळीपासून करून बघितलंय. मनापासून शिफारस करावी अशी त्यात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे व्हिनेगर. बाकीच्यातलं काही बरं, काही निव्वळ खटाटोप.

नाशिकमध्ये घर असलं की पुण्या-मुंबईचे पाहुणे येणार, गंगापूर धरणाच्या बाजूला वाइनरी बघायला जाणार आणि येताना बाटल्या आणणार, हे ठरलेलंच. सुला ही वाइनरी १९९९ साली सुरू झाली, २००१ मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, आणि पुढे दिंडोरी-इगतपुरीपर्यंत वाइनरी झाल्या. आमच्याकडे रात्री दोन बाटल्या उघडल्या जातात आणि सकाळी दोन्हींत चतकोर-चतकोर शिल्लक असते. उघडलेली वाइन, रेडसुद्धा, बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली तर तीन ते पाच दिवस पिण्याजोगी राहते. एप्रिल-मेमध्ये ओट्यावर राहिली तर दुसऱ्याच दिवशी चव उतरते. ओतून द्यायला जीव होत नाही, कारण त्यामागची शेतकऱ्याची मेहनत आपण रोज बघतो. अवकाळी पाऊस आला की इथे घराघरात द्राक्षांचीच काळजी असते.

तर व्हिनेगर. वाइनमधल्या अल्कोहोलचं हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने अॅसिटिक आम्ल करणारे जिवाणू असतात. त्यांना हवा आणि ऊब दोन्ही लागतं, आणि अल्कोहोल फार कडक असेल तर ते मंदावतात. बाटलीतली वाइन साधारण १२-१३ टक्क्यांची असते, म्हणून दोन वाट्या वाइनला एक वाटी उकळून गार केलेलं पाणी घालते. वाइन टिकवण्यासाठी घातलेलं सल्फाइट कमी व्हावं म्हणून आधी दोन भांड्यांत वरखाली ओतून घेते. मग विरजण म्हणून, तळाशी गढूळ साका असलेलं, पाश्चराइज न केलेलं अॅपल सायडर व्हिनेगर साधारण वाटीभर. बरणी रुंद तोंडाची हवी, काचेची किंवा चिनीमातीची. तांबं, पितळ, अॅल्युमिनियम अजिबात नको. पाऊण भरायची, तोंडाला मलमलचं फडकं दुहेरी करून रबरबँडने घट्ट बांधायचं. झाकण लावलंत तर हवा मिळणार नाही आणि काहीच होणार नाही.

पहिल्या काही आठवड्यांत नेलपेंट काढायच्या द्रावणाचा वास येतो. तो इथाइल अॅसिटेटचा असतो आणि पुढे आपोआप जातो, घाबरून फेकू नका. सासूबाई मात्र म्हणाल्या होत्या, "अगं, ती बरणी देवघराच्या भिंतीला नको ठेवूस." मग ती बाथरूमजवळच्या कपाटात गेली. अंधार आणि ऊब, जागा उत्तम निघाली. हळूहळू वर पातळ, चिवट साय धरते. ती बुडाली तरी बिघडत नाही, नवी धरते. हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली तर मात्र सगळं टाकून द्यायचं.

नाशिकच्या हवेचा फरक इतका पडेल असं वाटलं नव्हतं. डिसेंबर-जानेवारीत, पहाटे पारा दहाच्या आसपास असताना, बरणी नुसती बसून होती. होळीनंतर कामाला लागली. या जिवाणूंना २५ ते ३० अंश मानवतात, त्यामुळे भर उन्हाळ्यात बरणी घरातल्या सगळ्यात गार खोलीत हलवली. चव घेऊन बघत राहायचं. नुसता आंबटपणा उरला, घशाला वाइनची ऊब लागेनाशी झाली की गाळून बाटलीत गळ्यापर्यंत भरायचं आणि घट्ट बूच लावायचं. उघडंच राहिलं तर जिवाणू पुढे आम्लच खायला लागतात आणि व्हिनेगर पाणचट होतं.

शेनिन ब्लां या व्हाइट वाइनचं व्हिनेगर मला सगळ्यात आवडलं. लासलगावकडचे छोटे लाल कांदे चिरून, मीठ, चिमूटभर साखर आणि हे व्हिनेगर घालून फ्रीजमध्ये ठेवले की संध्याकाळपर्यंत गुलाबी होतात. कबाबाबरोबर, थालीपीठाबरोबर झकास. मिसळीबरोबर मात्र नाही! तिथे लिंबूच पाहिजे. घरच्या व्हिनेगरची आम्लता मोजलेली नसते, म्हणून वर्षभराच्या लोणच्यात घालू नका. कांदे आठवड्यात संपवा.

स्वयंपाकात थेट वाइन घालण्याबद्दल थोडक्यात: कांदा-लसूण मसाल्याच्या रश्श्यात ती हरवून जाते. लसणावर परतलेल्या मशरूममध्ये व्हाइट वाइन छान लागते. रेड वाइनमध्ये तिच्या पाव हिश्श्याइतकी साखर आणि दालचिनी घालून निम्मी होईपर्यंत आटवली की पाक होतो. सुरगाण्याकडच्या स्ट्रॉबेरीवर घालून बघा. वाइन बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवता येते, तुकडे जरा मऊच राहतात, पण भाजीत टाकायला सोयीचे.

साफसफाईचं म्हणाल तर तांब्याची भांडी खरंच उजळतात. तांबट लेनमधून घेतलेलं जुनं घंगाळ मी जास्त आंबट झालेलं व्हिनेगर, मीठ आणि तांदळाच्या पिठीने घासते आणि लगेच धुऊन कोरडं करते. चिंचेनेही तेवढंच चकाकतं, त्यामुळे चांगलं व्हिनेगर यात घालवू नका. काचा पुसायला बेकार, गोडसर चिकटा राहतो. कडाप्प्याचा ओटा, शहाबादी किंवा कोटा फरशी, संगमरवर यांच्यापासून लांबच ठेवा. हे सगळे चुन्याचे दगड, आम्लाने पॉलिश उडतं आणि ते सहज परत येत नाही.

आंब्याच्या दिवसांत आणि पावसाळ्यात चिलटांसाठी मात्र हा उपाय पक्का. वाटीत दोन घोट वाइन, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, वर भोकं पाडलेला प्लास्टिकचा कागद. वासाला चिलटं येतात, साबणामुळे पाण्यावर टेकता येत नाही, बुडतात. सकाळी वाटी भरलेली असते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. शिजवल्यावर अल्कोहोल सगळं उडून जातं हे खरं नाही. पंधरा मिनिटं उकळलेल्या पदार्थात ते सुमारे ४० टक्के शिल्लक राहतं, तासाभरानंतरही साधारण २५ टक्के. घरच्या व्हिनेगरमध्येही अंश राहू शकतो. आपल्याकडे अनेक घरांत हे चालत नाही, कुणाचा नियम असतो, कुणाची औषधं चालू असतात, कुणी प्रयत्नाने दारू सोडलेली असते. म्हणून मी बाटलीवर चिठ्ठी चिकटवते आणि ताटात वाढण्याआधी विचारते. मुलांच्या ताटात तो पाक देत नाही, त्यांच्यासाठी द्राक्षाच्या रसाचा वेगळा करते.