सक्युलंटसाठीचं तयार मिक्स: नाव एक, आत भलतंच

पिशवीवर सक्युलंटचं, म्हणजे जाड, रसाळ पानांच्या झाडाचं चित्र होतं, म्हणून कुंडीत भरायच्या मिश्रणाची ही पिशवी विश्वासाने आणली. ओलं करून मूठभर आवळलं तर घट्ट गोळा झाला, बोटाने टोचलं तरी फुटेना. जवळजवळ सगळं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि वर शोभेला चिमूटभर परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे). माझी हॉवर्थिया (एक छोटं सक्युलंट) यात लावली. पाणी घातल्यावर १० दिवसांनीही कुंडी आतून ओली. उपटून पाहिली तेव्हा मुळं तपकिरी, मऊ झालेली, ओढली की वरची साल हातात येत होती. फार वाईट वाटलं. चार वर्षं सांभाळलेलं झाड होतं ते.

मिक्स फेकू नका, मात्र नुसतं वापरूही नका. मी आता १ भाग हे मिक्स, १ भाग परलाइट आणि १ भाग प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) घेते. प्युमिस ३ ते ६ मिलिमीटरचं, चाळून बारीक भुकटी काढलेलं. ती भुकटीच फटी बुजवते. परलाइट आधी ओलं करा, त्याची धूळ नाकात जाते. बारीक रेती टाळाच, जाड खडीसारखी असेल तर चालते.

कुंडीच्या तळाशी खडे घालून निचरा सुधारत नाही, पाणी त्यांच्या वरच्या मातीत अडून राहतं.

या मिश्रणात पाणी घातलं की लगेच खालून गळतं आणि कुंडी चौथ्या दिवशी कोरडी होते. माझ्या एचेव्हेरियाने (हेही एक सक्युलंट) महिन्याभरात पांढरी मुळं धरली. मूळ पिशवीला पाचपैकी दोनच तारे.