अमंग अस आठ महिने खेळल्यावर: आधी मतं उघडी आहेत का ते बघा

अमंग अस हा ऑनलाइन खेळ: क्रूमेट टास्क म्हणजे छोटी कामं करतात, त्यांच्यात लपलेले इम्पोस्टर खून करतात, आणि मीटिंगमध्ये चॅटवर बोलून मतांनी एकाला बाहेर काढलं जातं. परवा आम्ही सहाजण उरलो होतो, त्यात दोन इम्पोस्टर. खेळाडूंना रंगांवरून ओळखतात, मी सायन. ऑरेंजने लिहिलं, 'सायन इलेक्ट्रिकलमधून आला.' म्हणजे त्या खोलीतून. मी ॲडमिनच्या खोलीत कार्ड स्वाइप करत होते, पण ते टाइप करून होईपर्यंत चौघांनी मत देऊन टाकलं होतं. मला बाहेर काढलं, पुढे एक खून झाला, दोनास दोन उरले, आणि अशी बरोबरी झाली की इम्पोस्टर जिंकतात, म्हणून डाव संपला. हरण्याचं काही नाही. पण माझ्याविरुद्ध मत देणारे ते चार कोण, हे कुणालाच कळलं नाही. होस्टने, म्हणजे डाव उघडणाऱ्याने, अनॉनिमस व्होट ही मत देणाऱ्याचा रंग लपवणारी सेटिंग चालू ठेवली होती, त्यामुळे निकालात माझ्या नावाखाली चार राखाडी बाहुल्या. भूत होऊन पाहिलं तर खून व्हाइटने केला. दुसरा इम्पोस्टर लाइम होता, हे शेवटच्या स्क्रीनवर कळलं. ऑरेंज प्रामाणिक होता. मला स्टोरेजच्या दारात पाहून त्याने अंदाज बांधला होता. व्हाइट आणि लाइम दोघांनीही माझ्याविरुद्ध मत दिलं की एकाने नुसतं स्किप केलं, म्हणजे कुणालाच मत दिलं नाही, हे खेळ संपल्यावरही समजत नाही.

नकाशे आणि रोल सगळ्यांना माहीत आहेत, त्यावर लिहीत नाही. मी फोनवर जाहिराती सोसून फुकट खेळते, त्यामुळे पैसे गेल्याची तक्रार नाही. वेळ मात्र माझाच जातो, म्हणून ही एक सेटिंग मला इतकी खुपते.

पहिले दोन महिने मी गप्प बसणाऱ्यावर संशय घ्यायचे. त्या पायी कितीतरी निरपराध बाहेर काढले, त्याचं आजही वाईट वाटतं. गप्प माणूस बहुतेक वेळा टाइप करायला हळू असतो, किंवा त्याने खरंच काही पाहिलेलं नसतं. मग मी फार बोलणाऱ्यांच्या मागे लागले, तेही फसलं. चार्ल्स बॉन्ड आणि बेला डिपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली खोटं ओळखण्यावरचे ढीगभर प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा माणसांचा अंदाज सरासरी 54 टक्के वेळा बरोबर निघाला. नाणं उडवलं तरी 50 टक्के येतात. त्या प्रयोगांत पुष्कळदा चेहरा आणि आवाज तरी समोर होता. आपल्याकडे चॅटच्या चार ओळी.

टास्कवरून काही जण सापडतात. कार्ड स्वाइप हे कॉमन टास्क आहे, म्हणजे असलं तर सगळ्या क्रूमेटना असतं. आपल्या यादीत ते नसताना कुणी त्या यंत्रापाशी उभा राहिला तर तो खोटं करतोय, इथे शंकेला जागा नाही. व्हिज्युअल टास्क, म्हणजे करताना इतरांना दिसणारी कामं, चालू असतील तर मेडबे या खोलीतला स्कॅनही पुरावा ठरतो. पण मुरलेला इम्पोस्टर या चुका करत नाही.

उरतं ते मत. दहाजणांत दोघे एकमेकांना ओळखतात, बाकी आठ अंधारात. 1986 साली मॉस्को विद्यापीठात दिमित्री डेव्हिडॉफने माफिया हा खेळ रचला तो याच पायावर: माहिती असलेले थोडे, नसलेले पुष्कळ. माफिया गोलात बसून खेळतात तेव्हा मत सहसा सगळ्यांसमोर दिलं जातं. कारण बोलणं बदलता येतं, दिलेलं मत मागे घेता येत नाही. एक इम्पोस्टर पकडला गेला की मी मागच्या मीटिंगा आठवते. त्याच्यावर संशय होता तेव्हा स्किप कुणी केलं? तिसऱ्याच कुणाचं नाव कुणी पुढे केलं? राखाडी बाहुल्यांनी हे सगळं पुसून टाकलं तर अंधारातल्या आठांच्या हातात राहतं काय?

यात आता एक दुरुस्ती करते. काही महिने मी हे छातीठोकपणे सांगत होते. मग ओळखीच्यांची लॉबी, म्हणजे डावासाठीचा गट, जमली, मतं उघडी ठेवली, आणि तरी आम्ही हरायला लागलो. इम्पोस्टरही शिकले होते. साथीदार जाणारच हे दिसलं की त्याच्याच विरोधात मत टाकायचं आणि स्वच्छ दिसायचं. म्हणजे नुसतं कुणाला मत दिलं हे बघून भागत नाही, कधी दिलं तेही बघावं लागतं. कुणी मत टाकलं की त्याच्या नावापाशी खूण येते, त्यावरून क्रम कळतो. डोळ्यांदेखत व्हेंटमधून, म्हणजे इम्पोस्टर ज्यातून पळतात त्या हवेच्या बोगद्यातून, निघालेल्याविरुद्ध सगळ्यांत शेवटी पडलेल्या मताला मी काही किंमत देत नाही. काहीच ठरलेलं नसताना दिलेलं मत बोलतं. खेळ हे जपून ठेवत नाही, निकाल काही सेकंदांत जातो. म्हणून फोनशेजारी वही ठेवते: रंग, मत, कितवं.

एका हिशोबात मात्र माझं मत बदललेलं नाही. सहा उरले असताना पुरावा नसेल तर स्किप करा. एक खून झाला तरी तीनास दोन अशी आणखी एक मीटिंग मिळते. चुकीचा माणूस काढलात तर ती मिळत नाही. पाच उरल्यावर मात्र स्किप करून चालत नाही.

आता लॉबीत शिरले की सेटिंग वाचते आणि अनॉनिमस व्होट चालू दिसलं तर होस्टला विनंती करते. काल होस्टने लगेच बंद केलं. पहिल्या मीटिंगला रेडवर तीन मतं पडली, तीन दुसऱ्यावर, आणि पिंकने स्किप केल्यामुळे रेड वाचला. दुसऱ्या मीटिंगला रेड व्हेंटमध्ये दिसला होता, तेव्हा पिंकचं मत सगळ्यांत शेवटी आलं. तिसऱ्या मीटिंगला वहीतल्या या दोन नोंदी मी तशाच चॅटमध्ये लिहिल्या. पिंक इम्पोस्टर निघाला.