टेलस्पॉट ब्लेनी: दहा महिन्यांनंतर

दिवाळी संपल्या संपल्या आणलेला टेलस्पॉट ब्लेनी हा छोटा समुद्री मासा गणपतीनंतरही ठणठणीत आहे, म्हणून आता सविस्तर लिहितो. माझा रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, दोन फुटी, साधारण 120 लिटरचा आहे. सोबत क्लाउनफिशची जोडी, थोडे झोआंथस (बटणांसारखे छोटे प्रवाळजीव) आणि एक हॅमर कोरल.

मासा मूळचा फिलिपिन्स-इंडोनेशियाकडचा. पूर्ण वाढला तरी जेमतेम 6 सेंटीमीटर. शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका, नाकपुड्यांवर मिशीसारखे तंतू. अंगाला खवले नाहीत, म्हणून माशांच्या रोगांवरचं तांब्याचं औषध याच्या बाबतीत फार जपून वापरावं लागतं. पोटात हवेची पिशवीही नसते. त्यामुळे तो पाण्यात स्थिर राहतच नाही, सारखा कशावर तरी टेकलेला असतो. माझ्याकडे त्याने दगडांमधलं एक रिकामं शिंपलं धरलंय. शेपटी आत, डोकं बाहेर, आणि दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवत खोलीतल्या प्रत्येकावर लक्ष. मी स्वयंपाकघरातून बाहेर आलो की एक डोळा माझ्याकडे वळतो.

आता मुख्य मुद्दा. दुकानात सांगितलं होतं, ‘हा शेवाळ खातो, वेगळं काही घालू नका.’ मी विश्वास ठेवला. टँक तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचा, कोरड्या दगडांवर उभा केलेला, आणि मी दर दोन दिवसांनी मॅग्नेटने काचा घासत होतो. म्हणजे त्याचं ताट मीच पुसून ठेवत होतो. महिन्याभराने वरून बघितलं तर डोकं मोठं आणि मागे नुसती दोरी. पोट आत गेलेलं. भुकेने तो झोआंथसनाही टोचायला लागला होता. त्या दिवशी मला फार अपराधी वाटलं.

याचे दात कंगव्यासारखे बारीक असतात. काचेवर, दगडावर बसलेला पातळ थर तो खरवडून खातो. लांब केसाळ शेवाळाला माझा तरी तोंड लावत नाही. मग मी मागची काच घासणं कायमचं बंद केलं. दोन चपटे दगड टँकच्याच पाण्याच्या बरणीत घालून गॅलरीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवले. हिरवट थर चढला की आठवड्याला एक दगड आत, एक बाहेर. नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापुद्र्याचा) तुकडा क्लिपला लावला तर ढुंकून बघेना. तोच दगडाला रबरबँडने बांधून बिळाशेजारी ठेवला, तर तिसऱ्या दिवशी खायला लागला. शिवाय स्पिरुलिनाचे पेलेट बारीक चुरून दिवसातून तीनदा, आणि अधूनमधून मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव). पोट भरायला पाच-सहा आठवडे लागले. झोआंथस टोचणंही तेव्हाच थांबलं. आता मागच्या काचेवर ओठ टेकवल्यासारखे शेकडो छोटे गोल ठसे दिसतात. सकाळी ताजे ठसे दिसले की मी निश्चिंत.

पहिल्यांदा पाळणाऱ्यांनी दोन गोष्टींना घाबरू नये. रात्री दिवे गेल्यावर तो फिकट, डागाळलेला दिसतो. सकाळी रंग परत येतो. आणि नव्या जागी पहिले काही दिवस तो बिळातून बाहेर येतच नाही. घाबरायचं ते उडीला. जानेवारीत एकदा सकाळी दिसेना, तो ओव्हरफ्लो बॉक्समध्ये, म्हणजे वरचं पाणी ओसंडून जातं त्या कप्प्यात, सापडला, नशिबाने जिवंत. त्याच दिवशी वर जाळी बसवली आणि ओव्हरफ्लोच्या फटीही झाकल्या.

उन्हाळ्याचं म्हणाल तर चिलरवर 26 अंश ठेवतो. मे महिन्यात लाइट गेली आणि पाणी 29 च्या पुढे गेलं, तेव्हा वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) इन्व्हर्टरवर होता, म्हणून निभावलं.

किमान सहा महिने जुना टँक नसेल तर हा मासा घेऊ नका, आणि लहान टँकमध्ये दुसरा ब्लेनी तर अजिबात नको, जागेवरून भांडतात. घेण्याआधी दुकानात समोर खायला घालायला सांगा आणि पोट बघा.

गणपतीला चार दिवस गावी जायचं होतं. ऑटो फीडर पेलेट टाकेल, पण नोरी कोण बांधणार? शेजारच्या काकूंना शिकवलं. मालवणला ओहोटीच्या वेळी खडकांवरून टुणटुण उड्या मारणारे याचेच भाऊबंद बघत उभा होतो, तेवढ्यात काकूंचा फोटो आला: काचेला चिकटलेला ब्लेनी, पोट गोल. खाली लिहिलं होतं, ‘आज दोनदा जेवला.’