टीएमटीचा रिपोर्ट मी फाइलला का लावला नाही

टीएमटी म्हणजे ट्रेडमिलवर चालवत-पळवत काढलेला ईसीजी. बहुतेक जण ती करतात, शेवटच्या ओळीत 'निगेटिव्ह' वाचून सुटकेचा श्वास सोडतात आणि रिपोर्ट कपाटातल्या फाइलमध्ये जातो. माझं मत आधीच सांगून टाकते. हृदयाबद्दलची शंका फेडायला ही चाचणी बऱ्यापैकी कामाची आहे, पण धावणाऱ्या माणसाच्या उपयोगाचं बरंचसं त्या ओळीच्या आधीच्या तक्त्यात असतं. ठोके, बीपी, मिनिटं यांचा तो कंटाळवाणा तक्ता मी पावसाळ्याआधीपासून आजपर्यंत वापरतेय.

मी ४८ वर्षांची, शाळेत शिकवते. एरवी सकाळी नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आणि रविवारी गंगापूर रोडने सोमेश्वरकडे धावते. वडिलांची पन्नाशीतच बायपास झालेली, माझं कोलेस्टेरॉल चढं, त्यात पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना छातीत दडपल्यासारखं व्हायला लागलं. डॉक्टरांनी आधी तपासलं, साधा ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) पाहिला, मग टीएमटी लिहून दिली. हे मुद्दाम सांगतेय, कारण आमच्या धावण्याच्या ग्रुपमध्ये 'हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये होती म्हणून करून घेतली' असं म्हणणारेही आहेत. काही त्रास नाही, जोखीमही कमी, अशांनी केवळ चाळणी म्हणून ईसीजी काढू नये, मग तो झोपवून काढलेला असो की व्यायाम करवून, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञगटाने २०१८ मध्ये सांगितलंय. त्याचं कारण पुढे येईल.

आता प्रत्यक्ष चाचणी. बायकांसाठी आधी कपड्यांचं बोलते, कारण हे कोणी सांगत नाही. छातीवर, बरगड्यांवर आणि पोटाजवळ दहा ठिकाणी चिकटपट्ट्या लावतात. पुढून उघडणारा सैल शर्ट घालून जा आणि बाई टेक्निशियन हवी असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. पोहोचल्यावर मागणी केली तर तासभर बसवून ठेवतात. बूट रोजच्या धावण्याचेच न्या. आधीचे दोन-तीन तास पोटात काही नको आणि सकाळचा चहाही नको. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्या घ्यायच्या की थांबवायच्या हे डॉक्टरांनाच विचारा. काही गोळ्या ठोके वाढूच देत नाहीत, मग चाचणी अर्धवट राहते.

पद्धत बहुतेक ठिकाणी 'ब्रूस'. सिअ‍ॅटलचे डॉक्टर रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ च्या सुमारास बसवलेली. सुरुवात ताशी २.७ किलोमीटरने, म्हणजे सासूबाईंबरोबर मंदिरात जाताना चालतो तेवढ्या वेगाने. पण पट्टा पहिल्यापासून १० टक्के चढावर असतो. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात: ४ किलोमीटर आणि १२ टक्के, मग ५.५ आणि १४, मग ६.८ आणि १६. सपाटीवर धावणाऱ्यांची इथे गंमत होते. दम शिल्लक असतो, पण पोटऱ्या भरून येतात. रामशेज, अंजनेरीचे गड नेमाने चढणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हेच सोपं गेलं होतं, आणि ती अजिबात धावत नाही.

तिसऱ्या टप्प्यात टेक्निशियन म्हणाली, "मॅडम, रेलिंगवर भार देऊ नका, नुसती बोटं टेकवा." ही सूचना सोन्यासारखी आहे. रिपोर्टमधले 'मेट्स' कोणी मोजत नाही. वेग, चढ आणि वेळ यांवरून मशीन ते हिशेबाने काढतं. एक मेट म्हणजे स्वस्थ बसल्यावर लागणारा प्राणवायू, दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर. रेलिंगला लोंबकळून चाललात तर मेहनत कमी होते, पण मशीनला ते कळत नाही आणि आकडा फुगतो. ग्रुपवर 'माझे १४ आले' म्हणणाऱ्यांना मी हल्ली पहिला प्रश्न हाच विचारते.

माझी एकच तक्रार आहे. २२० मधून वय वजा करायचं आणि त्याचे ८५ टक्के धरायचे, हे चाचणीचं नेहमीचं लक्ष्य. माझ्यासाठी १७२ चे ८५ टक्के, म्हणजे १४६. तेवढे ठोके झाल्याबरोबर मशीन थांबवायची तयारी सुरू झाली. मला ना धाप होती, ना छातीत काही. मी विचारलं, पुढे जाऊ का? डॉक्टरांनी पडद्यावरच्या रेषा पाहिल्या आणि मान डोलावली. शेवटी पोटऱ्यांनी हार मानली तेव्हा दहा मिनिटं उलटून गेली होती आणि ठोके १७८ होते. १४६ वर थांबले असते तर हृदयाच्या प्रश्नाचं काही एक उत्तर मिळालं असतं, पण धावण्यासाठी हातात शून्य. तुम्हाला दोन्ही हवं असेल तर 'लक्षणं येईपर्यंत चालवणार का?' हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. निर्णय त्यांचाच. ही चाचणी अगदी निर्धोक नाही. दर दहा हजारांमागे साधारण एक मृत्यू असा जुना अंदाज आहे, म्हणूनच डॉक्टर आणि शॉकचं यंत्र खोलीत लागतं. नुसत्या टेक्निशियनवर काम चालवत असतील तर सरळ उठून या.

हातात आलं ते एकच पान, निष्कर्षाचं. बाकीची पानं मागून घ्यावी लागली, तीही कपाळावर आठ्या घालून दिली. मागा, तुमचीच आहेत. त्यात मी काय पाहते? बीपी: वरचा आकडा मेहनतीबरोबर वाढत गेला पाहिजे. माझा १२८ वरून १८४ वर गेला. मेहनत वाढत असताना तो खाली घसरला तर ती धोक्याची खूण. दुसरं, थांबल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात ठोके किती उतरले. पट्टा हळू चालू असताना १२ किंवा त्याहून कमी उतरले तर पुढची जोखीम जास्त, असं १९९९ च्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं होतं. माझे २६ उतरले. निष्कर्षाच्या ओळीपेक्षा मला याचाच आनंद जास्त झाला.

आता वापराबद्दल. घड्याळात माझा सर्वाधिक ठोक्यांचा आकडा १७२ होता, वयाच्या सूत्रातून आपोआप आलेला. ते सूत्र सरासरीपुरतं ठीक आहे, पण एकेका माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. मी तिथे १७८ टाकला, तोही किमान धरून, कारण पट्ट्यावर पाय आधी थकले होते. सगळे झोन, म्हणजे निवांत ते जोरदार धावण्यासाठीचे ठोक्यांचे पल्ले, वर सरकले. निवांत धावायच्या दिवशी घड्याळ उगाच कोकलायचं, ते थांबलं. मग मनगटावरचं मोजमापच भरवशाचं नाही हे लक्षात आल्यावर ठोके मोजणारा छातीचा पट्टा घेतला. घाम आणि हाताचे हेलकावे यांत मनगटावरचा सेन्सर अनेकदा पावलांचाच ताल पकडतो. पट्टा वापरायचा तर इलेक्ट्रोड ओले करून लावा, थंडीत तर हमखास. नाशिकची डिसेंबरची सकाळ कोरडी असते, घाम यायलाच दहा मिनिटं लागतात आणि तोवर आकडे वेड्यासारखे उड्या मारतात.

बहुतेक धावणं १३३ च्या आत ठेवलं, ते माझ्या १७८ चे पाऊण. सुरुवातीला फार लाज वाटायची, ट्रॅकवरचे चालणारे काकासुद्धा पुढे जायचे. दिवाळीपर्यंत तेवढ्याच ठोक्यांत वेग स्पष्ट वाढला होता. मात्र श्रेय वाटून द्यायला हवं. जूनच्या उकाड्यात शरीर गार ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे जातं आणि त्याच वेगाला ठोके चढतात. थंडीत तेच उलट. त्यामुळे जूनची तुलना नोव्हेंबरशी करून कोणी प्रगती सांगितली तर अर्धी हवामानाची समजा, माझीसुद्धा.

जे या चाचणीत मिळत नाही तेही सांगते. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघातून 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पूर्ण केल्यापासून नाशिकच्या सायकल ग्रुपांत व्हीओटू मॅक्सच्या, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं त्या आकड्याच्या, गप्पा कायम चालतात. तो खरा मोजायचा तर तोंडावर मास्क लावून श्वासातला प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड तपासावा लागतो. ती चाचणी वेगळी आणि खर्चाचीही जास्त. कोणत्या ठोक्यांपासून दम वेगाने संपायला लागतो, हेही तिथेच नीट कळतं. हाफ मॅरेथॉनच्या वेळेसाठी झुरणाऱ्याने ती करावी. मला गरज वाटली नाही.

आणि 'निगेटिव्ह'ची मर्यादा. टीएमटी पकडते ती मुख्यतः हृदयाच्या रक्तवाहिनीतली रक्त अडवण्याइतकी, साधारण ७० टक्क्यांच्या पुढची अरुंद जागा. त्याहून लहान, चरबीचा मऊ थर या चाचणीत दिसत नाही आणि झटका कधीकधी तोच फुटून येतो. जुन्या अभ्यासांच्या एकत्रित हिशेबात खरा आजार असलेल्या शंभरातले ६८ च्या आसपास पकडले गेले आणि निरोगी शंभरातल्या तेवीसएक जणांवर उगाच शिक्का बसला. बायकांमध्ये असे खोटे शिक्के जास्त. आमच्या ग्रुपमधल्या एका ताईंना काहीच त्रास नव्हता, पॅकेजमध्ये केली तर 'बॉर्डरलाइन' आली. पुढे सीटी अँजिओ (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं स्कॅन), हजारो रुपये, घरच्यांच्या झोपा उडाल्या, आणि शेवटी नळ्या स्वच्छ. चाळणी नको म्हणतात ते यासाठीच.

माझं दडपणं ॲसिडिटीचं निघालं, पण ते डॉक्टरांनी सगळं मिळून ठरवलं, एकट्या रिपोर्टवर नाही. ते पुन्हा झालं तर या रिपोर्टवर विसंबून न राहता थेट दाखवायला जायचं, असं त्यांनी बजावलंय. खर्च दोन हजारांच्या आत आला, वेळ तयारीसकट तासभर. पुढच्या वेळी तक्त्याची पानं आधीच मागून घेणार आणि दोन दिवस आधी पांडवलेणी टाळणार, म्हणजे पोटऱ्या ताज्या राहतील.