कप एकदम झकास, सोबतचा कागद मात्र भलत्याच कपांचा

जादूच्या सामानाचा रिव्ह्यू लिहायचा म्हणजे वांधाच असतो, कारण वस्तू चांगली का वाईट ते सांगायचं पण ती चालते कशी ते नाही सांगायचं, नाहीतर आपल्याच लाईनमधले लोक शिव्या घालतात. तरी ट्राय करतो.

मुंबईच्या एका डीलरकडून देशी कप्स अँड बॉल्सचा (कपांखालून गोळे गायब करायचे, पुन्हा काढायचे, तो खेळ) सेट मागवला, १४०० रुपये कुरिअर धरून. तीन पितळी कप, कापडी गोळे (किती ते विचारू नका) आणि एक इन्स्ट्रक्शन शीट. देशी म्हणजे मदारी वापरतात तसले, बुटके आणि डोक्यावर झाकणाला असते तशी मूठ. ती मूठ दोन बोटांत धरून कप उचलायचा आणि सगळा खेळ जमिनीवर बसून, ना टेबल ना कोट, वर पब्लिक चारी बाजूंनी. केरळात जादूगार वाझकुन्नम नंबुद्रींनी याच खेळावर नाव कमावलं, तिकडे त्याला चेप्पुम पन्तुम म्हणतात.

कप खरंच मस्त आहेत. वजन बरोबर, कडा गुळगुळीत, एकाची मूठ किंचित वाकडी पण हातात जाणवत नाही. फरशीवर टणटण वाजतात म्हणून खाली जाडशी सतरंजी घ्या.

आता कागद. स्टेप चारमध्ये लिहिलंय की कप एकात एक घाला आणि वरच्या कपावर गोळा ठेवा. अहो पण कसा घालणार, मूठ आहे ना मध्ये! एकात एक बसतात ते फॉरेनचे उंच कप, उभं राहून टेबलावर करायचे, आणि हा कागद सरळसरळ त्यांचाच उचललेला, खाली डीलरचा शिक्का मारलाय बस. रिटर्न विचारलं तर म्हणे, रहस्य एकदा विकलं की परत घेत नाही. कुठलं रहस्य, ते या कपांचं नाहीच की!

पण खरं सांगू, हा दोष एकट्या डीलरचा नाही. दिल्लीत कठपुतली कॉलनी म्हणून कलाकारांची वस्ती होती, तिथल्या मदाऱ्यांनी हे कधी कागदावर उतरवलंच नाही, बापाकडून पोराकडे, उस्तादाकडून शागिर्दाकडे, तोंडी. ज्यांनी लिहिलं त्यातले बरेच जण इंग्रजीत, जादूगार एडी जोसेफच्या पुस्तिका असोत नाहीतर सत्तरच्या दशकात सॅम दलाल कलकत्त्याहून काढायचे ते जादूचं 'मंत्र' मासिक. जादूगार पी. सी. सरकारांनी बंगालीतही लिहिलं. आपल्याकडे पुण्यात जादूगार रघुवीरांच्या घरात तीन पिढ्या प्रयोग करतात, पण मी शिकत होतो तेव्हा नवशिक्याच्या हातात द्यावा असा मराठी कागद मला काही मिळाला नाही. आणि कागदात नुसतं बोटं कुठे ठेवायची एवढंच नको, त्या क्षणी तोंडाने काय बोलायचं तेही हवं, या खेळात अर्धं काम बोलण्याचंच आहे, बोलणं थांबलं की लोक हाताकडे बघतात!

घ्यायचा असेल तर कपांसाठी घ्या, कागद सतरंजीखाली घाला. आणि हो, गोळे आधी दोनदा धुवा, लाल रंग जातो. माझा तळहात लाल झालेला पुतणीने बघितला आणि पहिल्याच प्रयोगात मला पकडलं.